चार्जर एक झाला, रेल्वे का होत नाही?

२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये विकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलला टाइप-सी चार्जिंग असावंच लागतं. ॲपलने बरीच वर्षं आढेवेढे घेतले आणि शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला तीच पिन दिली. त्याआधी जून २०१७ मध्ये रोमिंगचे जादा पैसे बंद झाले, त्यामुळे पोर्तुगालचं सिमकार्ड पोलंडमध्ये घरच्याच दरात चालतं. सीमेवरच्या चौक्या १९९५ पासूनच उठायला लागल्या होत्या. (स्थलांतराच्या वादावरून त्यातल्या काही पुन्हा लागल्यात, पण तो विषय वेगळा.) एवढं सगळं झाल्यामुळे युरोपात चार माणसं जमली आणि प्रवासाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. ज्या ब्रसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, ॲपलला वाकवलं, त्याला दोन देशांत एक रेल्वेगाडी धड का चालवता येत नाही?

तक्रार रास्त आहे, पण चार्जर आणि रेल्वे एका मापाने मोजता येत नाहीत. चार्जरचा नियम विकणाऱ्यावर घातला होता आणि लोक फोन तीन-चार वर्षांत बदलतातच, म्हणजे जुना माल आपोआप बाद होतो. रेल्वेचं इंजिन तीस-चाळीस वर्षं चालतं. सिग्नलची यंत्रणा कधी कधी त्याहूनही जास्त. शिवाय युरोपियन युनियनच्या मालकीचा एक मीटरही रूळ नाही. रूळ त्या त्या देशाचे, ते बदलायचे तर खर्च त्या देशाचा, आणि फायदा मात्र पुष्कळदा शेजाऱ्याच्या पदरात पडतो. सगळं घोडं तिथे पेंड खातं.

आधी अडचण काय आहे ते नीट पाहू. रॉटरडॅमच्या बंदरातला एक कंटेनर इटलीतल्या जेनोआला न्यायचा आहे असं धरा. ट्रकवाल्याला फारसा विचार करावा लागत नाही. नेदरलँड्समध्ये गाडीत बसलेला ड्रायव्हर तेच लायसन्स, तोच ट्रक घेऊन जर्मनी आणि स्वित्झर्लंड पार करतो आणि इटलीत उतरतो. विश्रांतीचे तास पाळायचे, स्वित्झर्लंडचा जड वाहनांवरचा कर भरायचा, संपलं.

मालगाडीला मात्र वाटेत वीज बदलते. नेदरलँड्समधल्या जुन्या मार्गांवर वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी आहे, आणि खास मालगाड्यांसाठी बांधलेल्या मार्गावर २५,००० व्होल्ट एसी. जर्मनीत शिरलं की १५,००० व्होल्ट एसी, तेही घरातल्या विजेसारखं ५० हर्ट्झचं नाही, १६.७ हर्ट्झचं. स्वित्झर्लंडमध्ये तेच. आल्प्स उतरून इटलीत गेलं की ३,००० व्होल्ट डीसी. या सगळ्या विजांवर चालणारी इंजिनं मिळतात. एखाद्या पुलावरून त्यांच्या टपाकडे पाहिलं तर तारेतून वीज घेणारे, घडी घालून ठेवलेले चार-चार पेंटोग्राफ दिसतात आणि त्यातला एकच तारेला लागलेला असतो. बाकीचे नुसते राखीव नसतात. जर्मनीत तारेला घासणारी पट्टी १,९५० मिलिमीटर रुंद असते, तर स्वित्झर्लंडमध्ये १,४५० मिलिमीटर. एकाची पट्टी दुसऱ्याकडे चालत नाही, म्हणून दोन्ही सोबत बाळगायच्या. वीज बदलते तिथे बऱ्याच ठिकाणी तारेचा एक तुकडा मुद्दाम वीजविरहित ठेवलेला असतो. पाटी दिसली की ड्रायव्हर पॉवर तोडतो, पेंटोग्राफ खाली घेतो, गाडी आहे त्या वेगाने तेवढं अंतर कापते, आणि पलीकडे दुसरा पेंटोग्राफ वर चढतो.

मुंबई-नाशिक प्रवास केलेल्या मंडळींना हे वाचून इगतपुरी आठवेल. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं, पण मुंबईचा डीसी पट्टा तसाच राहिला आणि इगतपुरीला इंजिन बदलणं हा वेळापत्रकाचाच भाग झाला. पुढे दोन्हींवर चालणारी इंजिनं आली, आणि मुंबईतलं शेवटचं डीसी जायला २०१६ उजाडलं. ध्यानात घ्या, इथे रेल्वे एक, मंत्रालय एक, तिजोरी एक. तरी जवळपास साठ वर्षं लागली. युरोपात यातलं काहीच एक नाही.

एवढे प्रकार झाले कसे? ज्यांनी आधी केलं ते त्यात अडकले, हे त्याचं खरं उत्तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरी ५० हर्ट्झवर ठिणग्या टाकायच्या, म्हणून प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन यांनी १९१२ च्या सुमारास त्याच्या तिसऱ्या हिश्शाची वारंवारता ठरवली. त्या काळच्या तंत्रज्ञानाला धरून तो शहाणपणाचा निर्णय होता. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे त्याच वाटेने गेले. फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर थेट ५० हर्ट्झवर गाडी चालवून दाखवली आणि पुढे जगाने, आपल्यासकट, तेच उचललं. उशिरा आलेल्यांना ताजं मिळालं. जर्मनांनी मात्र तोवर हजारो किलोमीटरच्या तारा ओढून ठेवल्या होत्या.

इतिहासाच्या अशा खुणा जागोजागी सापडतात. फ्रान्समध्ये गाड्या डाव्या रुळावरून धावतात, पण अल्सास आणि मोझेल भागात उजव्या. का, तर १८७१ ते १९१८ हा भाग जर्मनीकडे होता आणि जर्मन गाड्या उजवीकडून चालतात. प्रांत परत आला, रूळ-सिग्नल तसेच राहिले. आजही जुन्या सीमेपाशी एक मार्ग दुसऱ्यावरून उड्डाणपुलाने पलीकडे जातो आणि गाड्यांची बाजू बदलते. शंभराहून जास्त वर्षं झाली, कुणी ते सरळ करायला गेलं नाही, कारण उड्डाणपूल स्वस्त पडतो.

रुळांमधलं अंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त चर्चेत असतो, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा. स्पेन-पोर्तुगालमध्ये १,६६८ मिलिमीटर, मध्य युरोपात १,४३५, बाल्टिक देशांत १,५२०. फ्रेंचांनी पुन्हा स्वारी करू नये म्हणून स्पेनने रूळ रुंद केले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथा आहे. १८४४ मध्ये स्पॅनिश अभियंत्यांना मोठा बॉयलर आणि जास्त ताकद हवी होती, एवढंच. स्पेनने नवे जलद मार्ग युरोपच्या मापाने बांधले आणि चाकांमधलं अंतर चालता चालता बदलणाऱ्या टॅल्गो गाड्या काढल्या. या टॅल्गोचे डबे २०१६ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीला आले होते ते उगाच नाही. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे स्पेनहून फक्त ८ मिलिमीटर जास्त. बाल्टिक देशांत एस्टोनियापासून पोलंडच्या सीमेपर्यंत ८७० किलोमीटरचा नवा मार्ग युरोपच्या मापाने बांधला जातोय. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून या मार्गाच्या पैशाला कुणी फारसं नाही म्हणत नाही. भीती असली की तिजोरी उघडते.

विजेचा आणि रुळांचा प्रश्न निदान पैशाने सुटतो. खरी गाठ सिग्नलची आहे.

ड्रायव्हरचं लक्ष चुकून लाल सिग्नल ओलांडला जाणार असेल तर गाडीने आपणहून ब्रेक लावायला हवा. यासाठी प्रत्येक देशाने आपापली युक्ती काढली. जर्मनीत रुळाशेजारी चुंबक बसवले. फ्रान्समध्ये दोन रुळांच्या मधोमध धातूची एक लांब पट्टी टाकली, तिला इंजिनाखालचा ब्रश घासून जातो. रेल्वेवाले तिला ‘मगर’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये संकेत रुळांतूनच पाठवले. अशा वीसहून जास्त यंत्रणा युरोपभर झाल्या, प्रत्येक आपल्या जागी चोख, आणि एकीचं दुसरीशी काडीचं नातं नाही. परदेशात जाणाऱ्या इंजिनाला वाटेतल्या प्रत्येक यंत्रणेची पेटी, अँटेना आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन जोडणाऱ्या थॅलिस गाड्यांमध्ये (त्या आता युरोस्टार नावाने धावतात) अशा सात यंत्रणा बसवाव्या लागल्या.

म्हणून १९९० च्या दशकात ठरलं की सगळ्यांसाठी एकच यंत्रणा करायची. तिचं नाव ईटीसीएस (युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम). कल्पना खरोखर देखणी आहे. दोन रुळांच्या मध्ये स्लीपरवर एक पिवळी चपटी पेटी बसवतात. साध्या पेटीला ना वायर, ना बॅटरी. वरून इंजिन गेलं की त्याच्या अँटेनातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि तेवढ्यात ती आपला निरोप देऊन टाकते. तू अमुक ठिकाणी आहेस, पुढे इतका उतार आहे, इतकी वेगमर्यादा आहे. इंजिनातला संगणक गाडीचं वजन आणि ब्रेकची ताकद धरून हिशेब मांडतो आणि कुठून वेग कमी करायला हवा ते ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर दाखवतो. ड्रायव्हरने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावतो. पुढच्या पातळीवर नियंत्रण केंद्र रेडिओवरून सांगत राहतं की तुझ्यापुढे इतके मीटर रस्ता मोकळा आहे. मग रुळाशेजारी सिग्नलचे खांबही लागत नाहीत. आपल्याकडची ‘कवच’ यंत्रणा याच जातीची आहे.

मग ती सगळीकडे लागली का नाही? इथे इंजिनिअरिंग संपतं आणि राजकारण सुरू होतं. नवी यंत्रणा फक्त रुळावर बसवून उपयोग नाही, ती इंजिनातही हवी, आणि एका इंजिनाला ती नंतर बसवायची म्हणजे काही लाख युरो. रूळवाले म्हणतात, इंजिनांत यंत्रणा नाही तर आम्ही जुने सिग्नल कसे काढू? इंजिनवाले म्हणतात, रुळांवर यंत्रणा नाही तर आम्ही पैसे का घालू? तोवर जुनी आणि नवी दोन्ही सांभाळायची, म्हणजे खर्च दुप्पट. त्यातून फायदा दिसायला लागतो तो शेजारच्या देशानेही बसवल्यावरच. सोसायटीत लिफ्टचा विषय निघाला की तळमजल्यावाले जे म्हणतात, तेच इथे अर्थमंत्री म्हणतात. आमच्या मतदाराला घरातून ऑफिसला जायला जुना सिग्नल पुरतो, मग रॉटरडॅमच्या कंटेनरसाठी त्याच्या कराचे पैसे का?

युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये हिशेब केला तेव्हा मुख्य मार्गांपैकी जेमतेम ८ टक्क्यांवर ही यंत्रणा चालू होती. छोटा लक्झेंबर्ग आणि रेल्वेवर मनापासून प्रेम करणारा स्वित्झर्लंड, जो युनियनमध्ये नाहीच, त्यांनी जवळपास सगळं जाळं बदललं. जर्मनीत मात्र ती अजून अगदी थोड्या मार्गांवर आहे. वर आणखी एक गंमत झाली. प्रत्येक देशाने एकसारखी यंत्रणा बसवताना आपापल्या सवयीप्रमाणे तिच्यात फेरफार केले, आवृत्त्या वाढल्या. त्यामुळे एका देशात पास झालेलं इंजिन दुसऱ्या देशात पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणजे बोलीभाषा नकोत म्हणून प्रमाणभाषा केली आणि तिच्याच बोली झाल्या.

हे सगळं कागदावरचं दुखणं वाटत असेल तर रास्टाट पाहा. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, ऱ्हाईन नदीच्या काठाने कार्ल्सरूहहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाणारा मार्ग आहे. रोज दोनशेपर्यंत मालगाड्या याच मार्गावरून जात. त्याची क्षमता वाढवण्यासाठी रास्टाट गावाखालून नवा बोगदा खणला जात होता. चालू रुळांच्या खाली फार थोडी माती होती, म्हणून ती गोठवून खणकाम चाललं होतं. १२ ऑगस्ट २०१७ ला बोगद्यात पाणी आणि माती घुसली आणि वरचे रूळ खचले. बोगदा वाचवण्यासाठी आत काँक्रीट ओतावं लागलं, त्यात खणणारं यंत्रही गाडलं गेलं. उत्तर समुद्रापासून इटलीपर्यंतची मुख्य धमनी २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सात आठवडे, बंद राहिली.

आता नकाशा पाहिला तर कुणीही म्हणेल, नदीपलीकडे फ्रान्स आहे, तिकडेही रूळ आहेत, गाड्या तिकडून काढा. अंतर थोडंच. पण पलीकडच्या जवळच्या मार्गावर वरची तारच नव्हती, तिथे डिझेल इंजिनं हवीत. फ्रेंच सिग्नल यंत्रणा असलेली इंजिनं हवीत. आणि सगळ्यात अडलं ते फ्रेंच बोलणाऱ्या ड्रायव्हरांवर. विमानाचा पायलट जगात कुठेही इंग्रजीत बोलू शकतो. रेल्वेच्या ड्रायव्हरला मात्र ज्या देशातून गाडी न्यायची त्या देशाची भाषा ठरावीक पातळीपर्यंत यावीच लागते, शिवाय त्या मार्गाची माहिती असावी लागते. नियमाला कारण आहे. रात्री दोन वाजता बोगद्यात धूर झाला तर कंट्रोलरशी खुणांनी बोलता येत नाही. परिणाम असा झाला की ट्रक महामार्गावरून बिनदिक्कत जात राहिले आणि मालगाड्या यार्डांत उभ्या राहिल्या. मालवाहतूक संघटनांनी पुढे करून घेतलेल्या अभ्यासात या सात आठवड्यांचं नुकसान सुमारे २ अब्ज युरो निघालं.

रास्टाटचा बोगदा का खणला जात होता, ही गोष्ट त्याहून बोलकी आहे. स्वित्झर्लंडच्या जनतेने १९९२ मध्ये मतदान करून आल्प्सखालून रेल्वेचे बोगदे काढायला होकार दिला. देशाच्या पोटातून जाणारे ट्रक नकोत, माल रेल्वेने जावा, हा हेतू. १९९६ मध्ये जर्मनीने लुगानो इथे स्वित्झर्लंडशी करार केला की तुमच्या बोगद्यांना जोडणारा आमच्या बाजूचा मार्ग आम्ही टप्प्याटप्प्याने चारपदरी करू. स्वित्झर्लंडने ५७ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब गॉटहार्ड रेल्वे बोगदा १ जून २०१६ ला उघडला. जर्मनीचा मार्ग अजून अर्धवट आहे आणि २०४० च्या दशकाआधी पुरा होण्याची चिन्हं नाहीत. उत्तरेकडेही तोच प्रकार. डच लोकांनी रॉटरडॅमपासून जर्मन सीमेपर्यंत १६० किलोमीटरचा खास मालगाड्यांचा मार्ग २००७ मध्ये सुरू केला. सीमेपलीकडची जर्मनीची तिसरी मार्गिका बांधून संपलेली नाही. पूर्वेकडे ऑस्ट्रिया आणि इटली मिळून ब्रेनर खिंडीखालून ५५ किलोमीटरचा बोगदा काढत आहेत, तो २०३२ मध्ये उघडायचा बेत आहे. बव्हेरियातून त्याला जोडणारा मार्ग कुठून न्यायचा यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत.

जर्मनांना नावं ठेवणं सोपं आहे आणि हल्ली तो युरोपातला आवडता विरंगुळा झालाय. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. स्विस रेल्वे उशिरा आलेली जर्मन गाडी बाझेललाच थांबवते, प्रवासी उतरवून घेते आणि पुढे आपली गाडी सोडते, म्हणजे आपलं वेळापत्रक बिघडत नाही. पण बव्हेरियातल्या एखाद्या गावकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या शेताच्या कडेने दिवसरात्र मालगाड्या जाणार, धडधड त्याच्या घरात, जमीन त्याची जाणार. गाडी त्याच्या स्टेशनवर थांबणार नाही. माल व्हेरोनाचा, फायदा हॅम्बुर्गच्या बंदराचा, कौतुक ऑस्ट्रियाचं. त्याचा खासदार संसदेत विरोधात बोलला तर त्यात नवल काय? ऱ्हाईनच्या काठच्या लोकांनी असाच लढा दिला, तेव्हा २०१६ मध्ये जर्मन संसदेने ऑफेनबुर्ग शहराखालून बोगदा आणि महामार्गालगतचा मार्ग मान्य केला. लोकांचं ऐकलं हे चांगलंच झालं. त्यात काही वर्षं आणि बरेच अब्ज युरो वाढले हेही खरं.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियातला टिरोल प्रांत. ब्रेनरच्या महामार्गावरून वर्षाला चोवीस-पंचवीस लाख ट्रक जातात, आणि दरीत राहणारी माणसं धूर खातात. म्हणून ऑस्ट्रियाने रात्री ट्रकबंदी आणि सीमेवर ट्रक मोजून सोडणं असे नियम केले. इटलीने त्यावरून २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. मालाच्या मुक्त संचारावर गदा येते, असं इटलीचं म्हणणं. दोन्ही सरकारं वर भांडतात आणि खाली एकत्र बोगदा खणतात. युरोपचं राजकारण मला इथे सगळ्यात नीट कळतं.

ब्रसेल्स यात काय करू शकतं? नियम करू शकतं, सीमेपलीकडे जाणाऱ्या कामांना मोठी मदत देऊ शकतं, २०३० आणि २०४० च्या मुदती घालू शकतं. मुदत चुकली तर रूळ जप्त करू शकत नाही. करांच्या बाबतीत तर हात आणखी बांधलेले. वाहतुकीचे नियम बहुमताने होतात, पण करासाठी सगळ्या २७ देशांचा होकार लागतो. विमानाच्या इंधनावर कर नाही आणि रेल्वे मात्र विजेवर कर भरते, हा विषय म्हणूनच सुटत नाही. २०२१ मध्ये युरोपियन आयोगाने विमानाच्या इंधनावर हळूहळू कर लावायचा प्रस्ताव आणला. माल्टा, सायप्रससारख्या बेटांवरच्या देशांना पर्यटक रेल्वेने कसे आणणार? त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांत रेल्वेने जाता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद केली, जगभर मथळे झाले. प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लियों आणि बोर्दो हे तीनच मार्ग त्यात सापडले.

इंधनकर लागला तरी रास्टाटचा ड्रायव्हर फ्रेंच शिकणार नाही, त्यामुळे या मुद्द्यावर जितका घसा कोरडा होतो तितका त्याचा वकूब नाही असं मला वाटतं. प्रवाशाच्या दृष्टीने त्याहून जवळचा अडथळा तिकिटाचा आहे, आणि तो फोडायला ना बोगदा लागतो ना तार.

युरोपातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी १९८७ मध्ये एकत्र येऊन अमाडेउस ही तिकीटविक्रीची यंत्रणा उभी केली. धंद्यात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनी ते केलं कारण एकमेकांची तिकिटं विकल्याशिवाय विमानं भरत नव्हती. रेल्वे कंपन्यांना तशी गरज कधी वाटली नाही, कारण त्यांचे बहुतेक प्रवासी देशातल्या देशात फिरतात. फ्रेंच रेल्वेच्या ॲपला इटालियन प्रतिस्पर्ध्याचं तिकीट विकायची हौस का असावी? इटलीची कंपनी २०२१ च्या डिसेंबरात पॅरिस-लियों मार्गावर उतरली तेव्हा प्रवाशांना स्वस्त तिकिटं मिळाली. तिच्या गाड्या शोधायला मात्र वेगळं ॲप. फ्रेंच रेल्वेची स्वस्त गाडी स्पेनमध्ये २०२१ पासून धावते, स्पॅनिश रेल्वेच्या गाड्या २०२३ मध्ये लियों आणि मार्सेपर्यंत पोहोचल्या, आणि पॅरिसचा परवाना लांबल्यावर स्पेनच्या सरकारने फ्रान्सवर जाहीर ठपका ठेवला. दुसऱ्याच्या घरात स्पर्धा सगळ्यांना आवडते.

गाडी चुकण्याचं दुखणं याच्याच पोटात आहे. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढच्या गाडीत बसवण्याची कायद्याने सक्ती नाही. जून २०२३ पासूनचे नवे प्रवासी हक्क जास्त चांगले आहेत, पण पूर्ण संरक्षण मिळतं ते सगळा प्रवास एका तिकिटावर असेल तरच. काही राष्ट्रीय कंपन्यांनी आपसात ठरवलंय की अशा प्रवाशाला पुढच्या गाडीत घ्यायचं. तो करार ऐच्छिक आहे.

तेव्हा इथून कुणी युरोपला निघणार असेल तर एवढं बघावं. शक्य तिथे सलग एकच तिकीट काढा, भले चार-पाच युरो जास्त पडोत. भारतीय पासपोर्टवर युरेल हा अनेक देशांत चालणारा रेल्वे पास मिळतो, तो बहुतेक सगळ्या राष्ट्रीय कंपन्या मानतात. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या जलद गाड्यांना पासवरही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात आणि जागा आधी संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांत सरळ चढता येतं. डिसेंबरच्या मध्यावर सगळ्या युरोपचं वेळापत्रक बदलतं, त्यामुळे त्यानंतरच्या तारखांची तिकिटं उशिरा खुली होतात, ती दिसत नाहीत म्हणून घाबरून विमान बुक करू नका. आणि जर्मनीतून बाझेलमार्गे झुरिकचं विमान गाठायचं असेल तर दोन गाड्या आधीची धरा.